दोन एकरांचा शेतकरी आणि आठवड्याचा बाजार

कापडाच्या व्यापाऱ्याने शेतीवर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. आमचा धंदा मीटरचा, बियाणे-खतांचा नव्हे. परंतु ग्रामीण भागात कापड विकणाऱ्या कोणत्याही दुकानदाराला विचारा, त्याचे वर्ष जानेवारीत नव्हे, जून महिन्यात सुरू होते. मृग बरसला की नाही, कापसाला काय भाव निघाला, चाळीतला कांदा विकला गेला की सडला, यावर आमची दिवाळी ठरते, ईद ठरते आणि लग्नसराईही ठरते. मालेगावच्या मागावर विणलेली रंगीत साडी मुंबईच्या बाई नेसत नाहीत, ती खेड्यातली शेतकरीण नेसते. तिच्या हातात पैसा आला नाही तर माग बंद पडतो, मग कांडीवाला, रंगारी, हमाल सगळेच बसून राहतात. तेव्हा शेतकऱ्याचा प्रश्न हा त्याचा एकट्याचा प्रश्न आहे असे समजणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांनी एकदा आपली वही उघडून पाहावी.

आम्ही ती उघडून पाहिली. अब्बांच्या वेळच्या वह्या आमच्याकडे अजून आहेत. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. मराठी आम्ही या वह्यांतून आणि बाजारातल्या गिऱ्हाइकांच्या तोंडून शिकलो. १९७८ सालच्या वहीत एका गावच्या शेतकऱ्याचे खाते आहे. सोळा एकर जमीन, दोन विहिरी, चार बैल असलेला माणूस. घरात लग्न निघाले की बस्त्याला अख्खी भावकी बैलगाड्या जुंपून यायची. नवरीचा शालू, पाच-सात नऊवाऱ्या, धोतरजोड्या, टॉवेल-टोप्या, आहेराची कापडे, सारे एकाच दिवशी फाडले जाई. अब्बा वहीत रक्कम मांडत आणि शेजारी एकच शब्द लिहीत, 'सुगी'. सुगीला पैसे येत. कधी थोडे कमी येत, पण येत.

आज त्याच घराण्याची आमच्याकडे सात खाती आहेत. सोळा एकरांतली चार एकर मधल्या काळात मुलींच्या लग्नांत आणि दवाखान्यात गेली. उरलेल्या बारा एकरांचे सात मालक झाले. कुणाकडे अडीच एकर, कुणाकडे दोन, एकाकडे तर तीसच गुंठे. सातांपैकी तिघेच पूर्णवेळ शेती करतात. एक टेम्पो चालवतो, दोघे एमआयडीसीत जातात, एकाने रान बटाईने देऊन पुणे गाठले. रुपयांत मोजू नये, रुपया फसवतो, पण कापडात मोजले तर ही सात खाती मिळून त्या एका जुन्या खात्याएवढी खरेदी करीत नाहीत.

ही एका घराची गोष्ट नाही. सरकारची कृषी गणना दर पाच वर्षांनी होते. तिच्या आकड्यांप्रमाणे १९७०-७१ साली महाराष्ट्रात सुमारे ४९.५ लाख खातेदार होते आणि एका खात्याची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकरांच्या आसपास होती. २०१५-१६ च्या गणनेत खाती दीड कोटीच्या वर गेली आणि सरासरी १.३४ हेक्टरवर, म्हणजे सव्वातीन एकरांवर आली. एकूण जमीन जवळपास तेवढीच आहे. खाणारी तोंडे वाढली, रान वाढले नाही. देशाची सरासरी तर त्या गणनेत १.०८ हेक्टर होती, आणि शंभरातली ८६ खाती दोन हेक्टरांच्या आतली. शिवाय सरासरी हा आकडा फार भला असतो. त्यात पन्नास एकरवाला बागायतदार आणि तीस गुंठेवाला एकाच ताटात बसतात.

अमेरिकेत छोटा शेतकरी वेगळ्या तऱ्हेने मोडला. तिथे १९३५ साली ६८ लाख शेते होती, २०२२ च्या गणनेत सुमारे १९ लाख उरली. लहान शेतकरी कर्जापायी विकून शहरात गेला आणि शेजारच्या मोठ्याने त्याचे रान आपल्या रानात मिळवले. तिथे शेत मोठे होत गेले आणि शेतकरी नाहीसा झाला. आपल्याकडे शेतकरी जागेवरच आहे, शेत मात्र त्याच्या पायाखालून आकसत चालले आहे. म्हणून आपल्याकडे ही मोडतोड लवकर डोळ्यांत भरत नाही. सात-बाऱ्यावर नाव असते, गावात घर असते, माणूस स्वतःला शेतकरी म्हणवतो. मीठमिरची मात्र दुसऱ्याच कमाईतून येते.

सरकारने हे ओळखले नव्हते असे नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा आहे. ठराविक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकता येऊ नये, असा त्याचा हेतू. ते प्रमाण क्षेत्र जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळे होते. २०२३ मध्ये सरकारने बहुतेक ठिकाणी ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केले. परंतु कायदा विक्री अडवू शकतो, भावाभावांची वाटणी कशी अडवणार? कागदावर सामाईक नाव राहते आणि बांध मात्र तोंडी पडतो. पुढे पीककर्जाला चौघांच्या सह्या लागतात, त्यातला एक सुरतेला असतो आणि एकाशी बोलचाल बंद असते.

लहान शेताचा खर्च लहान होत नाही, ही गोष्ट धंदेवाल्याला चटकन समजेल. दुकान दहा फुटी असो की तीस फुटी, वीजमीटर एकच लागतो. तसेच बोअर दोन एकरांनाही तेवढाच खोल घ्यावा लागतो. दोन एकरांवर बैलजोडी परवडत नाही, म्हणून नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरची. खताच्या दोन गोण्या घेणाऱ्याला दुकानदार सवलत देत नाही, उधार मात्र देतो आणि त्या उधारीचा भाव वेगळा असतो. आणि सगळ्यात मोठी अडचण विकताना येते. दहा क्विंटल घेऊन येणाऱ्या माणसाला बाजारात जो मान असतो तो दोन गोण्या घेऊन येणाऱ्याला नसतो.

रुमालाखालचा भाव

शेतमालाचा नियंत्रित बाजार आपल्या देशात कापसापासून सुरू झाला, हे आमच्या कापडवाल्या बंधूंना ठाऊक असावे. वऱ्हाडातले कारंजा, आजच्या वाशिम जिल्ह्यातले, हा देशातला पहिला नियंत्रित बाजार मानला जातो, साल १८८६. मग १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. त्या काळी मँचेस्टरच्या गिरण्यांना आपला कापूस हवा होता, आणि तो चोख, वजनात बरोबर आणि वाजवी भावात मिळावा ही त्यांची गरज होती. शेतकऱ्याच्या कळवळ्याने सारे झाले असे मानण्याचे कारण नाही.

त्यापूर्वी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे बाजारात सौदा रुमालाखाली होई. आडत्या आणि खरेदीदार एकमेकांचा हात धरत, वर कापड टाकत, आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा असे आणि त्याला काहीच कळत नसे. आम्ही आयुष्यभर कापड विकले, पण कापडाचा याहून वाईट उपयोग ऐकला नाही. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३ चा. त्याने उघड लिलाव आणला, परवाने आणले, वजनकाटे तपासले, शेतकऱ्यांचे प्रतिनिधी समितीवर बसवले. आज राज्यात तीनशेच्या वर बाजार समित्या आहेत. हा कायदा नसता तर काय झाले असते, याचाही विचार टीका करणाऱ्यांनी करावा.

पण काळ जाता समितीच्या आवारातच दुसरी गाठ पडली. गाळे मोजके, परवाने मोजके आणि शेतकरी हजारो. आडत्या शेतकऱ्याला हंगामाआधी उचल देतो. बँक ज्याला दारात उभे करीत नाही त्याला रात्री दहा वाजता आडत्या पैसे देतो, हा त्याचा मोठाच उपकार. परंतु उचल घेतलेला शेतकरी मग दुसऱ्या गाळ्यावर माल उतरवू शकत नाही. भाव काहीही निघो, पट्टी त्याच गाळ्याची. त्या पट्टीत आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडे असे एकेक कापत शेवटची ओळ येते. आम्ही अशा पट्ट्या पाहिल्या आहेत. उधारी मागायला गेलो की शेतकरी खिशातून पट्टी काढून समोर ठेवतो. मग काय बोलणार?

रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला, की गिऱ्हाईक टोमॅटोवर जो रुपया खर्च करते त्यातले शेतकऱ्याला सुमारे ३३ पैसे मिळतात. कांद्यात ३६, बटाट्यात ३७. उरलेले सारे लुबाडणुकीत जातात असे नव्हे. त्यात भाडे आहे, नासाडी आहे, हातगाडीवाल्याची दिवसभराची मजुरी आहे. तरीही ज्याने चार महिने रान राखले त्याच्या वाट्याला तिसरा हिस्सा, आणि ज्यांनी चार दिवस माल हाताळला त्यांच्याकडे मिळून दोन हिस्से, हा हिशेब कोणत्याही वहीत खटकेल.

शेतकरी स्वतः विकतो तेव्हा

यावर एक जुनाच उपाय नव्या नावाने पुढे आला. शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला विकावे. पंजाबात आणि चंदीगडला १९८७ पासून 'अपनी मंडी' भरू लागली. आंध्र प्रदेशात १९९९ च्या जानेवारीत 'रयतू बाजार' सुरू झाले, आणि त्याच वर्षी तामिळनाडूत मदुराईपासून 'उळवर संदै'. आंध्रातला प्रयोग आम्हाला विशेष वाटतो. तिथे शेतकऱ्याला तपासणी करून ओळखपत्र दिले गेले, पक्क्या शेड बांधल्या, काटे दिले, आणि दर रोज ठरवून फलकावर लिहिला जाऊ लागला. घाऊक भावाच्या वर आणि किरकोळीच्या खाली असा तो दर. शेतकऱ्याला चार पैसे जास्त, गिऱ्हाइकाला चार पैसे कमी. तामिळनाडूत मात्र सरकार बदलले आणि त्या बाजारांना ओहोटी लागली, पुन्हा सरकार बदलले तेव्हा ते सावरले. सरकारी कृपेवर उभ्या असलेल्या कोणत्याही बाजाराला हा धोका आहे.

महाराष्ट्रात २०१६ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षीच्या जुलैत सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला. शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाणारी आडत खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. व्यापाऱ्यांनी संप केला, काही दिवस भाजी महागली, मग गाडे चालू झाले. पुण्यातल्या कृषी पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचे अभियान हाती घेतले आणि ऑगस्टमध्ये मुंबईत विधानभवनाच्या आवारातही असा बाजार भरला. पुण्यात त्याच्या आधीपासूनच काही ठिकाणी हे सुरू होते. महापालिकेने किंवा एखाद्या सोसायटीने मैदान द्यायचे, वार आणि वेळ ठरवायची, शेतकरी गटांनी किंवा उत्पादक कंपन्यांनी माल आणायचा, आडत नाही, बाजार फी नाही.

कानावर येते की शेतकऱ्याला तिथे दुप्पट मिळते. आम्ही व्यापारी माणूस, तेव्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. आकडे समजुतीसाठी धरले आहेत, पण एका शेतकऱ्यासमोर बसून धरले आहेत.

समजा, दोनशे किलो वांगी आहेत. मंडईत १५ रुपये भाव निघाला, ३,००० झाले. गाडीभाडे ४००, हमाली-तोलाई आणि क्रेट मिळून २००. हातात २,४००. तीच वांगी शहरातल्या शेतकरी बाजारात नेली. दीडशे किलो ३० रुपयांनी गेली, ४,५००. संध्याकाळी तीस किलो १५ ने फुंकली, ४५०. वीस किलो मऊ पडली, तिची किंमत शून्य. एकूण ४,९५०. आता खर्च पाहा. स्वतंत्र टेम्पो १,२००, दोन माणसांचा दिवस ८००, पिशव्या-चहा-किरकोळ १५०. हातात २,८००. म्हणजे पहाटे तीनला उठून रात्री अकराला घरी येण्याची जादा कमाई ४०० रुपये! याला कुणी दुप्पट म्हणेल तर त्याने हिशेब नीट मांडलेला नाही.

परंतु हाच माणूस पाच जणांच्या गटात आला, एकाने वांगी, दुसऱ्याने मेथी-कोथिंबीर, तिसऱ्याने टोमॅटो आणला, २,००० रुपयांचा मोठा टेम्पो पाचांत वाटला, आणि प्रत्येकाने एकच माणूस उभा केला, तर खर्च ४०० अधिक ४०० अधिक १५०, म्हणजे ९५० वर येतो. हातात ४,०००. गिऱ्हाईकही वाढते, कारण फक्त वांगी घ्यायला कोणी पिशवी घेऊन घराबाहेर पडत नाही. आणि खरा फायदा पडत्या भावात दिसतो. मंडईत वांगी ५ रुपयांवर आली की दोनशे किलोचे १,००० होतात, ६०० खर्च वजा जाता ४०० उरतात. अशा वेळी शेतकरी रान नांगरून टाकतो. किरकोळीत मात्र भाव तितका पडत नाही. २० रुपये जरी मिळाले, उरलेल्या तीस किलोंना १० मिळाले, तरी ३,३०० होतात आणि खर्च जाऊन २,३५० घरी येतात. कांदा उत्पादकांनी २०२३ च्या डिसेंबरात निर्यातबंदी आली तेव्हा काय सोसले ते नाशिककडच्या वाचकांना सांगायला नको. ती बंदी पुढच्या वर्षी मे महिन्यात उठली, तोवर अनेकांचा माल मातीमोल झाला होता. अशा आपत्तीत शेतकरी बाजार सगळा कांदा विकून देणार नाही, ती त्याची ताकद नाही. पण ज्या घरात दर आठवड्याला रोख दोन-चार हजार येतात ते घर आडत्याच्या उचलीला थोडे कमी बांधलेले असते.

२०२० च्या टाळेबंदीत आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. मार्चअखेर आठवडी बाजार बंद झाले, आमची दुकानेही बंद. ज्यांचे गट आधीपासून बांधलेले होते त्यांनी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या फाटकांपर्यंत भाजीच्या पिशव्या पोहोचवल्या. ज्यांचा गट नव्हता त्यांची कोबी-फ्लॉवर शेळ्यांनी खाल्ली.

आता मर्यादाही सांगितली पाहिजे. हा बाजार भाजीचा, फळांचा, डाळी-हळद-गुळाचा आहे. महाराष्ट्रातला निम्मा शेतकरी ज्या पिकांवर जगतो, कापूस, ऊस, सोयाबीन, ती पिके कुणी पिशवीत घरी नेत नाही. सरकी काढल्याशिवाय कापसाचे काय करणार? विदर्भ-मराठवाड्यातल्या दोन एकर कपाशीवाल्याला शेतकरी बाजाराचा उपदेश करणे म्हणजे विणकराला शिंप्याची कात्री देण्यासारखे आहे. त्याच्यासाठी हमीभावाची खरेदी वेळेवर होणे आणि वजनकाटा चोख असणे हाच पहिला मुद्दा राहील. ज्याच्या जवळ पाणी आहे आणि दोन-तीन तासांच्या अंतरावर मोठे शहर आहे, त्याच्याच हे कामाचे.

दुसरी अडचण विणकराला चटकन कळेल. मागावर बसायचे की दुकानावर? हातमागाच्या प्रदर्शनात आठवडाभर उभा राहणारा विणकर त्या आठवड्यात एक वारही विणत नाही. शेतकऱ्याचेही तेच. म्हणून हळूहळू गटातला एकच बोलका तरुण विक्री करू लागतो, बाकीचे माल देतात, आणि दोन वर्षांत तो तरुण व्यापारी झालेला असतो. पुढे तो कमी पडलेला माल मंडईतून उचलून 'शेतकऱ्याचा' म्हणून विकतो. न्यूयॉर्कमध्ये १९७६ पासून असे बाजार भरतात आणि तिथला नियमच असा आहे की स्वतः पिकवलेलेच विकायचे. त्यासाठी शेतावर जाऊन तपासणी होते. आपल्याकडे ओळखपत्र असले तरी टेम्पोत काय भरले आहे ते पाहायला कोण जातो?

बागवान बांधवांचे काय?

हा प्रश्न आम्हाला अनेकांनी विचारला आहे, आणि तो टाळणे बरोबर होणार नाही. फळ-भाजीच्या व्यापारात आमच्या बागवान समाजाची कित्येक घराणी पिढ्यान्पिढ्या आहेत. शेतकरी थेट विकू लागला तर त्यांच्या पोटावर पाय येईल, ही भीती २०१६ मध्ये होती, आजही आहे.

आमचे मत असे, की हातगाडीवाल्याने आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराने या बाजाराला भिण्याचे कारण नाही. शेतकरी बाजार आठवड्यातून एकदा, चार-सहा तास भरतो. उरलेले सहा दिवस कोथिंबिरीची जुडी गल्लीतच घ्यावी लागते. उलट समितीचे बंधन गेल्यामुळे किरकोळ विक्रेता आता थेट शेतकरी गटाकडून बांधावरून माल घेऊ शकतो. पूर्वी ते नियमाविरुद्ध होते. पाच-सहा हातगाडीवाल्यांनी मिळून एका गटाशी वर्षाचा व्यवहार ठरवला, तर मधला एक हिस्सा दोघांत वाटला जाईल. त्यांना खरी टक्कर मोठ्या कंपन्यांची आहे, ज्या दहा मिनिटांत मोबाईलवर भाजी पोहोचवतात.

ज्यांचा धंदा उचल देऊन माल बांधून घेण्याचा आहे, त्यांना मात्र त्रास होईल, आणि आम्ही म्हणतो तो होऊ द्यावा. माल हाताळणे, निवडणे, वाहणे, साठवणे, नासाडीची जोखीम घेणे ही सारी मेहनत आहे आणि तिची मजुरी हक्काची आहे. समोरच्याच्या गरजेवर भाव पाडणे ही मेहनत नव्हे. हे वाचून आमचे काही स्नेही रागावतील. त्यांनी दुकानी यावे, चहा पाजू.

आमची खरी काळजी वेगळी आहे. जुना आठवडी बाजार हाही शेतकरी बाजारच होता, आणि त्यात सगळ्यांना जागा होती. सकाळी शेतकरीण पाटीभर वांगी-दोडके विकायची आणि दुपारी त्याच पैशांतून मन्याराकडे बांगड्या भरायची, अत्ताराकडून हळद-कुंकू घ्यायची, पिंजाऱ्याला गादीचे सांगायची, आमच्या पालावर पोलक्याचे कापड पाहायची. पैसा दिवसभरात पाच हात फिरून गावातच राहायचा. शहरातल्या नव्या बाजारात शेतकरी विकतो आणि टेम्पोत बसून निघून जातो. तिथे मन्यार नाही, बुरूड नाही, कुंभार नाही. आणि जुन्या बाजाराची जागाही जात आहे. आमच्या भागातल्या एका तालुक्याच्या गावी बाजाराच्या मैदानावर गाळ्यांचे संकुल उभे राहिले. आमचे पाल आधी शाळेच्या भिंतीकडेला, मग नाल्यावर, आता हमरस्त्याच्या कडेला आहे. ठेकेदार पावती मात्र मैदानाच्या दरानेच फाडतो. ट्रक जवळून जातो तेव्हा ठाण हाताने दाबून धरावे लागतात. पुणे आणि सोलापूर या शहरांतल्या पेठांना वारांची नावे आहेत, शहरे अशाच बाजारांभोवती वाढली. मग वाढलेल्या शहराने बाजारालाच हुसकावले.

तूर्त जे करता येईल ते असे. शहरातल्या शेतकरी बाजारांत शेतकऱ्यांबरोबर महिला बचत गटांनाही जागा मिळते. आमच्या भगिनी गोधड्या शिवतात, मसाले कुटतात, शेवया करतात. त्यांनी गट नोंदवून घेतला तर त्या बाजारात एक टेबल मागता येते. चौकशी पणन मंडळाच्या कार्यालयात किंवा तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे करावी.

शिवणकाम करणाऱ्यांसाठीही काम आहे. राज्यात २०१८ पासून पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि या बाजारांत कापडी पिशव्या लागतात. वर सांगितलेल्या सात खातेदारांपैकी अडीच एकरवाला गेल्या तीन वर्षांपासून गटाबरोबर शहरात भाजी नेतो. यंदा तो उधारी चुकवायला आला आणि जाताना तीनशे पिशव्यांची मागणी देऊन गेला. आम्ही मालेगावचे जाड कोरे कापड दिले, शिलाई शेजारच्या गल्लीतल्या दोन घरांत वाटली. पहिल्या पन्नास पिशव्या परत आल्या. बंद वरच्या काठालाच टाचले होते आणि चार किलो कांदे भरताच ते निघून आले. आता बंद खाली तळापर्यंत नेऊन शिवतात, तळाला दुहेरी टीप मारतात, आणि देण्याआधी प्रत्येक दहातली एक पिशवी पाच किलोचे वजन टाकून दारातल्या खिळ्याला रात्रभर टांगून ठेवतात.